वेलोसिओ : घाटवाटांचा सायकलस्वार

माझे आजोळ बीदर जिल्ह्यातील खटकचिंचोळी. भालकी तालुक्यातले हे गाव १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते आणि १९५६ साली ते म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेले. घरात मराठी, बाजारात कानडी आणि चावडीवर दखनी उर्दू अशी तिथली रीत. उन्हाळ्याच्या सुटीत कोल्हापूरहून तिकडे गेलो की आम्हां मुलांचे सारे लक्ष थोरल्या मामांच्या सायकलीकडे असे. काळीशार, उंच, मागे भक्कम कॅरियर असलेली ती सायकल घरच्या बैलजोडीइतकीच मानाची होती. गावाबाहेर भालकीच्या वाटेवर लाल मुरुमाचा एक चढ होता. तिथे सारे सायकलस्वार मुकाट्याने खाली उतरत. मामा मात्र कधी उतरले नाहीत. उभे राहून, दात आवळून, अंगाचा सारा भार पायडलवर टाकून ते माथा गाठत आणि खाली उतरून चालणाऱ्यांकडे मागे वळून पाहत. बाराव्या वर्षी मीही तो चढ चढू पाहिला, निम्म्यावर पडलो आणि गुडघा फोडून घेतला. उतरून चालण्यात कमीपणा आहे, हे मी त्या दिवशी शिकलो.

हाच धडा घरीही मिळत होता. माझे वडील कोल्हापूर दरबारच्या चाकरीत होते. पंधराव्या वर्षी तंबोऱ्याच्या साथीला बसू लागले आणि १९४९ साली संस्थान विलीन झाले तेव्हा ते ऐन विशीत होते. पुढे सणावारांच्या चार बैठका आणि घरच्या शिकवण्या एवढेच उरले. मी त्यांच्या पन्नाशीतला मुलगा. त्यांचा आवाज उंच पट्टीचा होता आणि त्यांच्यापुढे बसणाऱ्या प्रत्येकाने त्याच पट्टीत गावे, असा त्यांचा दंडक होता. माझ्या गळ्याला ती पट्टी दोन स्वरांनी चढी होती. तंबोरा खाली उतरवून मागणे म्हणजे चढावर सायकलीवरून उतरणे. मी ते कधी मागितले नाही. वयात येताना फुटलेला आवाज त्या ओढाताणीत पुन्हा नीट जुळून आलाच नाही. मी मैफलीचा गवई झालो नाही, शिक्षक झालो. ही तक्रार म्हणून सांगत नाही. ज्या गृहस्थांचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवायचे आहे, त्यांची ओळख मला इतकी मोलाची का वाटली, हे कळावे म्हणून सांगतो.

चाळिशी उलटल्यावर वैद्यकीय सल्ल्याने मी सायकल चालवू लागलो. रंकाळ्याभोवतीच्या फेऱ्यांनी आरंभ झाला आणि पुढे तरुण मित्रांच्या संगतीने गगनबावड्यापर्यंत मजल गेली. करूळ घाट उतरून वैभववाडीस जाणे सोपे, परत चढून येणे ही खरी परीक्षा. मित्रांनी गिअरची सायकल घ्यावयास लावली, ती मी काहीशा लाजेनेच घेतली. गिअर म्हणजे पळवाट, अशी मामांच्या चढावरची समजूत मनात घट्ट बसली होती. त्या सुमारास सायकलप्रवासाच्या इतिहासाचे काही वाचन झाले आणि त्यात पॉल द विवी हे नाव भेटले. सायकलीच्या जगात त्यांस वेलोसिओ या टोपणनावाने ओळखतात. पर्वतांतल्या खिंडी सायकलीने ओलांडणे हा केवळ पैलवानांचा उद्योग नाही, साध्या माणसाचाही तो आनंद आहे, हे जगास पटवून देण्यात त्यांनी आयुष्य वेचले.

त्यांचा जन्म २९ एप्रिल १८५३ रोजी दक्षिण फ्रान्समध्ये व्होक्लूझ प्रांतातील पेर्न या लहानशा गावी झाला. ऑलिव्ह आणि द्राक्षांच्या मळ्यांचा हा मुलूख असून त्याच्या माथ्यावर व्हांतू नावाचा एकाकी, बोडका पर्वत उभा आहे. लहानपणी त्यांस ग्रीक आणि लॅटिन भाषांचे चांगले शिक्षण मिळाले आणि त्या वाचनाची गोडी शेवटपर्यंत टिकली. पोटासाठी मात्र त्यांनी रेशमाचा व्यापार पत्करला. त्या निमित्ताने ते सेंत एतिएन शहरी स्थायिक झाले. कोळशाच्या खाणी, बंदुकांचे कारखाने आणि रेशमी फितींचे माग, अशी या शहराची त्या काळी ख्याती होती. ज्या घरांतून पैठणी आणि पीतांबर पिढ्यान्‌पिढ्या जपले गेले, त्या घरांस रेशमाचा व्यापारी म्हणजे कसा नीटनेटका, हिशेबी आणि बोटांच्या स्पर्शाने मालाची पारख करणारा माणूस असतो, हे सांगावयास नकोच. द विवी तसेच होते. पुढे त्यांनी हीच पारख लोखंडाच्या दात्यांवर चालविली.

१८८१ साली त्यांनी पहिली सायकल घेतली. ती आजच्यासारखी नव्हती. पुढचे चाक माणसाच्या छातीइतके उंच, मागचे अगदी चिमुकले आणि पायडल थेट पुढच्याच चाकास जोडलेले. पायाची एक फेरी म्हणजे चाकाची एक फेरी, असा सरळ हिशेब. अधिक वेग हवा तर चाक अधिक मोठे पाहिजे आणि चाक किती मोठे असावे हे स्वाराच्या तंगडीवर ठरणार. खड्डा लागला तर माणूस तोंडावर आपटे. अशा यंत्रावर शंभर किलोमीटर सहा तासांत जाण्याची पैज एका मित्राने त्यांस घातली आणि त्या निमित्ताने शहराबाहेरचा डोंगराळ मुलूख त्यांनी पहिल्यांदा डोळे भरून पाहिला, असे सांगतात. पैजेपेक्षा डोंगरच त्यांच्या अधिक लक्षात राहिले.

रेशमाच्या कामासाठी त्यांचे इंग्लंडात जाणे होई. तिथले कॉव्हेंट्री हे शहरही पूर्वी फितींच्या मागांवर जगणारे. तो धंदा बसल्यावर त्याने शिवणयंत्रे आणि मग सायकली बनविण्यास आरंभ केला होता. १८८५ साली कॉव्हेंट्रीतच स्टार्ली यांची रोव्हर सायकल निघाली. दोन सारखी चाके, मध्ये बसणारा स्वार आणि मागच्या चाकास फिरविणारी चेन, म्हणजे आज आपण जिला सायकल म्हणतो तिचा हा पहिला यशस्वी अवतार. द विवींनी यात काय पाहिले असेल, ते पुढच्या इतिहासावरून कळते. चेन आली म्हणजे पायाची फेरी आणि चाकाची फेरी यांचे बंधन सुटले. त्यांतले प्रमाण आता माणसाच्या हाती आले.

१८८७ साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, त्यांनी चांगला चाललेला रेशमाचा व्यापार विकून टाकला आणि सेंत एतिएनमध्ये सायकलींचे दुकान थाटले. त्याच वर्षी ‘ल सिक्लिस्त’ हे मासिक सुरू केले आणि त्यात वेलोसिओ या नावाने ते लिहू लागले. बायकामुलांचा संसार असलेल्या माणसाने स्थिर धंदा मोडून असे करावे, याचे व्यापारी जगास नवल वाटले असणार. आरंभी ते इंग्लंडातून सायकली मागवून विकत. लवकरच त्यांनी स्वतःच्या दुकानात ‘ला गोल्वाज’ नावाची सायकल बांधली. फ्रान्समध्ये बनलेल्या पहिल्या काही चेनच्या सायकलींत तिची गणना होते.

सेंत एतिएनच्या दक्षिणेस, गावाची वस्ती संपताच, एक घाट सुरू होतो. सुमारे तेरा किलोमीटर चढून गेल्यावर ११६१ मीटर उंचीवर देवदारांच्या रानात जी खिंड लागते तिचे नाव कोल द ला रेप्युब्लिक. शहर स्वतः पाचशे मीटरांवर आहे, म्हणजे साडेसहाशे मीटरांचा हा चढ. ज्याने करूळ घाट खालून वर चढून पाहिला आहे, त्यास याची कल्पना येईल. वेलोसिओंची ही रोजची तालीम होती. एके दिवशी ते घाम गाळीत तो घाट चढत असता एक तरुण तोंडात पाइप धरून, आरामात धूर काढीत, त्यांच्या बाजूने पुढे निघून गेला. दुसरा एखादा असता तर तरुणपणाला दोष देऊन गप्प बसला असता. वेलोसिओ विचार करू लागले. आपल्या पायांत बळ कमी नाही, मग आपण ते कुठे वाया घालवतो? त्यांच्या ध्यानात आले की सपाटीसाठी बेतलेले प्रमाण घाटात जुलूम करते आणि घाटासाठी बेतलेले प्रमाण सपाटीवर पाय नुसते भिरभिरवते. एका सायकलीला एकच प्रमाण असणे हाच दोष आहे.

इथे मला माझ्या विद्येचा आधार घेऊ द्यावा. समजा पुढच्या चक्राला ४८ दाते आहेत आणि मागच्याला १६. पायांची एक फेरी झाली की मागचे चाक तीन फेऱ्या घेते आणि सायकल सुमारे सव्वासहा मीटर पुढे जाते. मागे २४ दात्यांचे चक्र लावले तर चाक दोनच फेऱ्या घेईल, सायकल सव्वाचार मीटर जाईल, पण पायावरचा भार तितक्याच प्रमाणात हलका होईल. तीनास दोन हे ते प्रमाण. तंबोऱ्याची तार दोनतृतीयांशावर दाबली की पंचम लागतो, तेही हेच प्रमाण. मागे ३२ दाते लावले तर पहिल्याच्या निम्मे अंतर, म्हणजे निम्मी तार, म्हणजे तारषड्ज. घाटाची उंची काही कमी होत नाही, करावयाचे एकूण काम तेवढेच राहते. फक्त ते काम पायाच्या ताकदीत बसेल अशा लहान घासांनी करता येते. गाणारा जशी राग न बदलता पट्टी बदलतो, तसाच सायकलस्वार घाट न बदलता गिअर बदलतो.

वेलोसिओंचा पहिला उपाय अगदी साधा होता. पुढे लहानमोठी दोन चक्रे शेजारी बसविली आणि घाटाच्या पायथ्याशी उतरून चेन हाताने एकीवरून दुसरीवर टाकली. मग इंग्लंडातील सुधारणा पाहून, त्यात स्वतःची भर घालून, दोनाची चार प्रमाणे केली. त्या वीसएक वर्षांत सेंत एतिएनच्या आसपासच्या कारागिरांनी काय काय करून पाहिले! दोन्ही बाजूंना एकेक चेन, चक्राच्या पोटात दडविलेले दाते, उलटे पायडल मारले की हलके प्रमाण लागणारी योजना आणि अखेर चालत्या सायकलीवर चेन एका दात्यावरून दुसऱ्यावर ढकलणारा तो चिमटा, ज्याला आज सारे जग डिरेलर म्हणते. वेलोसिओ हे काही या सर्वांचे एकटे जनक नव्हेत. त्यांचा मोठेपणा असा की प्रत्येक नवी योजना ते स्वतः घाटात नेत, शेकडो किलोमीटर तपासत आणि बरेवाईट जे आढळेल ते आपल्या मासिकात उघड लिहीत. स्वतःच्या दुकानातील माल असला तरी दोष लपविला नाही. अशा दुकानदाराची भरभराट होणे कठीण आणि ती झालीही नाही. त्यांचा कारखाना लहानच राहिला.

विरोध मात्र मोठा झाला. त्या वेळच्या शर्यतवाल्यांचे पुढारी होते आंरी देग्रांज, ज्यांनी १९०३ साली टूर द फ्रान्स ही शर्यत सुरू केली. त्यांचे मत असे की गिअर म्हणजे म्हाताऱ्यांची आणि दुबळ्यांची सोय आहे, पुरुषाने एकाच प्रमाणावर आपल्या स्नायूंच्या बळाने चढ जिंकावा. माझ्या मामांनी देग्रांजचे नाव कधी ऐकले नव्हते, पण दोघांचा धर्म एकच होता. १९०२ साली फ्रान्सच्या टूरिंग क्लबने पिरेनीज पर्वतात, तूरमाले खिंडीच्या परिसरात, सायकलींची एक परीक्षा घेतली. तूरमालेची उंची दोन हजार मीटरांच्याही वर. त्या परीक्षेत मार्त एस नावाच्या बाईंनी अनेक प्रमाणांच्या ‘ला गोल्वाज’वरून असा काही प्रवास केला की भलेभले शर्यतवाले उतरून चालत असता त्यांचा पाय जमिनीस लागला नाही, असे सांगतात. या घटनेने वाद मिटावयास हवा होता. तो मिटला नाही. बाईंना जमले, म्हणजेच ते पुरुषाचे काम नव्हे, असा उलटा निष्कर्ष काढणारेही निघाले. हट्टास युक्तिवादाची टंचाई कधीच पडत नाही.

देग्रांजच्या शर्यतीत कित्येक वर्षे अशी स्थिती होती की मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंस वेगवेगळे चक्र असे आणि घाटाच्या पायथ्याशी स्वार उतरून, चाक काढून, उलटे बसवी. माथ्यावर पुन्हा तोच खटाटोप. डिरेलरला त्या शर्यतीत मुभा मिळाली ती १९३७ साली. तोवर वेलोसिओंना जाऊन सात वर्षे झाली होती.

शर्यतींशी त्यांचे भांडण केवळ गिअरपुरते नव्हते. सायकल कशासाठी, हा त्यातला खरा प्रश्न होता. फ्रेंचमध्ये सायकलप्रवाशासाठी आज जो शब्द रूढ आहे तो त्यांनीच चलनात आणला, असे मानतात. शनिवारी दुकान बंद झाले की ते निघत, सोबत चारदोन मित्र. रात्रभर चालून पहाटे एखाद्या खिंडीवर पोचावे, तिथे सूर्योदय पाहावा, दिवसभर पुढच्या खिंडी ओलांडाव्यात आणि सोमवारी पुन्हा दुकान उघडावे, असा क्रम. चाळीस चाळीस तास, मध्ये जेमतेम विसावा घेऊन, ते चालत. आल्प्सच्या उंच खिंडी त्यांनी पन्नाशीच्या आसपास अशाच पार केल्या. ईस्टरच्या सुटीत सेंत एतिएनला अजून थंडी असता घाट ओलांडून ऱ्होन नदीच्या खोऱ्यात उतरावे आणि दक्षिणेकडे आपल्या जन्मप्रांतात, जिथे बदामाची झाडे फुलून गेलेली असतात तिथे जावे, ही त्यांची वार्षिक वारी. या खोऱ्यात उत्तरेकडून मिस्त्राल नावाचा सोसाट्याचा वारा वाहतो. जाताना तो पाठीवर हात ठेवतो आणि परतताना छातीवर. ठिकठिकाणचे वाचक मित्र तिथे जमत, एकत्र जेवत आणि आपापल्या वाटेने परत जात. शर्यत नाही, बक्षीस नाही. आपल्याकडील दिंडीचा परिचय असलेल्यांस यात परके असे काही वाटू नये.

मासिकात ते या प्रवासांची हकीकत लिहीत. किती दाते होते, किती चढ होता, काय खाल्ले, कुठे झोप आली, सारे प्रांजळपणे. ते मांस, मद्य आणि तंबाखू यांपासून दूर राहत. भात, फळे आणि साधे शाकाहारी अन्न यांवर एवढे कष्ट करता येतात हे त्यांनी स्वतःच्या देहावर दाखवून दिले. मद्याशिवाय जेवण ही कल्पनाच ज्या देशात विचित्र वाटे, तिथे हे करणे सोपे नव्हते. नव्या प्रवाशांसाठी त्यांनी काही नियम घालून दिले. त्यांचा आशय असा, की भूक लागण्यापूर्वी थोडे खावे आणि तहान लागण्यापूर्वी पाणी प्यावे, मुक्काम थोडे आणि लहान घ्यावेत, थंडी वाजण्यापूर्वी अंग झाकावे, अन्न आणि झोप नकोशी होईल इतके स्वतःस कधी दमवू नये. शेवटचा नियम मला सर्वांत मोठा वाटतो. केवळ मानासाठी, लोकांस दाखविण्यासाठी, कधी पायडल मारू नये.

याच काळात आपल्याकडेही सायकलीची हवा आली होती. किर्लोस्कर बंधूंनी बेळगावात सायकली विकून आणि लोकांस चालविण्यास शिकवून आपल्या उद्योगाचा पाया घातला, हे पुष्कळांस ठाऊक आहे. आणि १९२३ साली मुंबईतील सहा पारशी तरुण सायकलींवरून जगप्रवासास निघाले. त्यांपैकी अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे वाळवंटे आणि पर्वत ओलांडून १९२८ साली मुंबईस परतले. वेलोसिओ तेव्हा पंचाहत्तरीच्या घरात होते. कोल्हापूर किंवा मुंबई त्यांस नकाशावरच माहीत असणार, पण घाटाच्या वाटेवरचे हे सारे एकाच बिरादरीचे.

१९२२ साली त्यांच्या चाहत्यांनी त्यांच्या नावाने एक दिवस पाळण्यास आरंभ केला. त्या दिवशी सेंत एतिएनहून निघून आबालवृद्धांनी कोल द ला रेप्युब्लिकचा घाट चढावयाचा. पहिल्या काही वर्षांत स्वतः वेलोसिओ, सत्तरीच्या घरात, पांढऱ्या मिशांचे, साध्या कपड्यांतले, त्यांच्याबरोबर असत. ज्या घाटात एका पाइपवाल्या पोराने त्यांना मागे टाकले होते, त्याच घाटात आता नातवंडांच्या वयाची मुले त्यांच्या मागे मागे येत.

सकाळी उठल्यावर एखाद्या प्राचीन ग्रंथकाराची थोडी पाने वाचावयाची, हा त्यांचा नेम होता. रोमचा तत्त्वज्ञ सेनेका त्यांस विशेष प्रिय. २७ फेब्रुवारी १९३० च्या सकाळीही त्यांनी सेनेका वाचला होता, असे सांगतात. मग ते सायकल घेऊन बाहेर पडले. रस्त्यावर गर्दी होती म्हणून ते सायकलीवर बसले नाहीत, हाताने ढकलीत चालले. एक मोटार चुकविण्यासाठी दोन पावले मागे सरले आणि त्याच क्षणी मागून आलेल्या ट्रामचा धक्का त्यांस बसला. त्यातून ते वाचले नाहीत. शहात्तर वर्षांचे वय, आल्प्सच्या साऱ्या कडेकपारींतून सुखरूप परतलेला माणूस, आणि मृत्यू आला तो स्वतःच्या शहरात, सपाट रस्त्यावर, पायी चालताना. त्या खिंडीच्या माथ्यावर आज त्यांचे स्मारक उभे आहे.

त्यांचे चरित्र वाचताना मला वारंवार आठवत होते ते आपल्या कोल्हापूरचे अल्लादियाखाँसाहेब. १८९५ साली शाहू महाराजांच्या दरबारी येण्याआधी, ऐन तारुण्यात, अतिश्रमाने त्यांचा आवाज बसला होता. जुना गळा परत येणार नाही हे उमजल्यावर त्यांनी जो गळा उरला होता त्याला शोभेल अशी नवी गायकी घडविली आणि तीच आज जयपूर-अत्रौली घराण्याची म्हणून आपण डोक्यावर घेतो. त्या काळी ती कोणी पळवाट म्हटली असेल काय? घरी वडिलांच्या तोंडी ही गोष्ट मी शंभर वेळा ऐकली होती. तिचा अर्थ मला एका फ्रेंच सायकलवाल्याने शिकवला.

आणि वेळेवर शिकवला, असे म्हटले पाहिजे. माझ्याकडे एक मुलगी शिकावयास येत असे. समज उत्तम, गळा गोड, पण माझ्या पेटीच्या पट्टीत तिचा तारषड्ज तुटे. मी तिला रोज तोच चढ पुन्हा पुन्हा चढावयास लावीत होतो आणि तिने कधी तक्रार केली नाही. तिचे गप्प बसणे मला शिस्त वाटत होते. एका रविवारी घाट चढून आलो, संध्याकाळी ती समोर बसली आणि तिच्या मानेवरच्या ताणलेल्या शिरा मी पहिल्यांदा पाहिल्या. त्या माझ्याच होत्या, पंधराव्या वर्षीच्या. मी तंबोऱ्याच्या खुंट्या पिळून दोन स्वर खाली आणल्या. पहिली तान घेतल्यावर तिने माझ्याकडे अशा चेहऱ्याने पाहिले की मला मान खाली घालावी लागली. वडील आज हयात नाहीत. असते तर रागावले असते आणि मग, मला वाटते, ऐकत बसले असते.

मागल्या दिवाळीत सायकल बसवर टाकून खटकचिंचोळीस गेलो. भालकीहून पुढे स्वारीनेच निघालो. तो लाल मुरुमाचा चढ आता डांबरी झाला आहे, पण उंची तीच. मागे सर्वांत मोठे चक्र लावले आणि बसल्या बसल्या, दम न लागता, माथ्यावर आलो. मामा ओसरीवर होते. वय ऐंशीच्या पुढे, दोन्ही गुडघे निकामी, भिंतीला धरून उठतात. त्यांनी सायकल जवळ आणावयास लावली. उलटी करून त्यांच्यासमोर उभी केली. ते एका हाताने पायडल फिरवीत राहिले आणि दुसऱ्या हाताने खटका दाबून चेन या दात्यावरून त्या दात्यावर जाताना पाहत राहिले. दिवेलागण झाली, मामींनी दोनदा जेवावयास हाक मारली, तरी ते उठले नाहीत.